बस थांबते, कोणी चढत नाही

रोज सकाळी कारखान्याची निळी बस दोरवाल्यांच्या आळीत येते आणि थांबते. दार उघडतं. ड्रायव्हर जांभई देतो. दार बंद होतं आणि बस निघून जाते. चढत कोणी नाही, उतरत कोणी नाही.

मग थांबते कशाला? प्रश्न अगदी बरोबर आहे. आळीतली पोरंसुद्धा तो विचारायची. कोणी नीट उत्तर दिलं नाही, तेव्हा पोरांनी त्याचा खेळ केला. एक पोरगा बस होतो, दोघं दार होतात, बाकीचे रांगेत उभे राहतात. दार उघडलं की कोणी हलायचं नाही. जो चढेल तो बाद.

आता उत्तर सांगतो. त्यासाठी आधी दोर कसा वळतात ते समजून घ्यायला हवं. दोराला लांब, सरळ, मोकळी जागा लागते. एका टोकाला एकजण चाक फिरवतो. दुसरा कमरेला तागाचा पुंजका गुंडाळून, बोटांनी धागा सोडत, उलट्या पावलांनी मागे मागे जातो. तो जितका मागे जाईल तितका दोर लांब होतो. आळीच्या मागे असा एक लांबलचक माळ होता, दोरमाळ. सगळ्या आळीचं पोट त्या माळावर होतं. बाप चाक फिरवायचा, मुलगी मागे चालायची. कधी आई चाकावर, मुलगा मागे. माळाला बाई आणि पुरुष यांतला फरक ठाऊक नव्हता. तो फरक नंतर शिकलेल्या लोकांनी आणला.

सरकारने देशात कारखाने वाढवायचे ठरवले. वाढवायलाच हवेत, दुसऱ्यांनी केलेली तार विकत घेऊन कोणताही देश स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. विजेच्या केबलचा एक मोठा कारखाना दोरमाळावर आला. कंपनीला जमीन स्वस्त मिळाली, वीज सवलतीत मिळाली. बदल्यात सरकारने अटी घातल्या. ज्या ज्या घराचा माळ गेला, त्या घराला एक कायमची नोकरी. घरटी एक. आणि कामगारांना न्यायला बस थेट आळीत थांबली पाहिजे. अटी चांगल्या होत्या. प्रगतीचं ताट वाढलं तर पहिला घास ज्याची जागा गेली त्याला, हे कुणाही शहाण्या माणसाला पटेल.

फक्त एक गोष्ट कोणी विचारली नाही. घराला नोकरी म्हणजे कुणाला? भिंती तर कामावर जात नाहीत.

सरकारचा प्रश्न उंबरठ्याशी येऊन थांबला. उंबरठ्याच्या आत जे बसले होते त्यांनी चटकन उत्तर शोधलं, आणि ते उत्तर म्हणजे लग्न. नोकरीची खूण म्हणून कारखाना छातीवर लावायला एक पितळी बिल्ला देत असे. आळीतल्या पहिल्याच लग्नात वरपक्षाने बिल्ला मागितला आणि वधूपित्याने दिला. दुसऱ्या लग्नात कोणी मागायचीही वाट पाहिली नाही. आळीतले सगळे एकमेकांचे भाऊबंद, त्यामुळे मुली बाहेर द्यायच्या. मुलीबरोबर बिल्लाही बाहेर गेला. घरात मुलगा असला तरी बहिणीचं लग्न आधी. तो बिचारा मग बिल्ला आणणारी बायको शोधायला निघायचा, आणि आळीबाहेर बिल्लेच नव्हते, म्हणून नुसताच हिंडत राहायचा. असं करत करत आळीतला एकेक बिल्ला सासरी गेला. ज्यांचा माळ गेला त्यांच्या छातीवर काही नाही, आणि ज्यांनी दोराची गाठही कधी मारली नाही ते जावई निळ्या बसमधून डुलत कामाला जातात. या मूर्खपणाला आळीत 'रीत' म्हणत. दहा वर्षंही जुनी नसलेली रीत! पण माणसाला लाज झाकायला पांघरूण हवं असतं, आणि रीत हे सगळ्यात स्वस्त पांघरूण.

बस जिथे थांबते तिथे, पायरीवर, एक बाई रोज ताग विंचरत बसलेली असते. तिला आळीत 'माघारीण' म्हणतात. खरं तर चार दिवस माहेरी आलेल्या मुलीला लाडाने म्हणायचा हा शब्द. ही आली ती राहिलीच. लग्नात तिच्या घरचा बिल्ला नवऱ्याला मिळाला. वर्षाच्या आत नवऱ्याला ती सावळी वाटू लागली आणि स्वयंपाक अळणी वाटू लागला. बायको परत पाठवता येते. बिल्ला परत पाठवायची रीत नाही.

आता हे नीट बघा. तो नवरा त्याच बसमध्ये असतो. बस तिच्या पायरीसमोर थांबते, कारण तसा नियम आहे. दार उघडतं. तो बसच्या छताकडे बघतो. इतक्या मन लावून बघतो की जणू छतावर काहीतरी लिहिलेलं आहे. ती ताग विंचरत राहते. दार बंद होतं.

आळीत एकच बिल्ला उरला होता. तो ज्या घराचा, त्या घरात बाप, आई आणि एकुलती एक मुलगी. तिला सगळे 'पोर' म्हणत. वीस वर्षांची झाली तरी पोरच. माघारीण तिची चुलत बहीण, शेजारच्याच दारातली.

त्या दिवशी पोरीला बघायला पाहुणे यायचे होते. बापाने सकाळपासून अंगण दोनदा झाडलं, जे त्याने लग्नानंतर एकदाही झाडलं नव्हतं. पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. मुलगा टायरच्या दुकानात बसायचा. बसायचा म्हणजे खरोखरच बसायचा; टायर दुसरेच बदलत. करंगळीचं नख वाढवलेलं, आणि ते नख मोडू नये याची त्याला सतत काळजी.

पोरीने चहा आणला. मुलाच्या आईने कप घेतला, पोरीकडे एक नजर टाकली आणि बापाकडे वळली.

"बिल्ला अजून घरातच आहे ना?"

"आहे, आहे. तुमच्यासाठीच ठेवलाय."

"नाही, विचारलेलं बरं. मागे एका ठिकाणी आम्ही पार चहा पिऊन उठलो, आणि मग कळलं की तो आधीच चुलत्याच्या जावयाला गेलाय. चहा वाया."

"वाया कसा? प्यायलात ना?" आई आतून म्हणाली.

मामा मोठ्याने हसला, मग आपण हसायला नको होतं हे लक्षात येऊन खोकला. बापाने आतल्या दाराकडे डोळे वटारले.

मुलाने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बसमध्ये खिडकीची जागा मिळते का?"

"मिळते की!" बाप म्हणाला. "निम्मी बस रिकामीच असते."

हे वाक्य बोलताना त्याला काहीही वाटलं नाही. निम्मी बस त्याच्याच भाऊबंदांसाठी होती आणि ती रिकामी होती, कारण लांबच्या गावचे जावई दुसऱ्या वाटेने कामावर जात, आणि ही गोष्ट तो जावयाला आमिष म्हणून सांगत होता. एखादा माणूस वाईट नसतो, नुसता वाकलेला असतो. पण वाकलेल्याच्या पाठीवरून चालत जाणाऱ्यांना त्या दोहोंतला फरक कळायची गरज पडत नाही.

"मुलीला काय येतं?" निघता निघता मामाने रीतीप्रमाणे विचारलं.

"दोर वळते," बाप म्हणाला.

"ते आता काय कामाचं?" मुलाची आई म्हणाली, आणि सगळे उठले.

दोरमाळाचा एक तुकडा कारखान्याच्या भिंतीबाहेर उरला होता. तेवढ्यात जमतील तसले आखूड दोर बाप आणि पोर अजून वळत. त्या संध्याकाळी बाप चाकावर बसला आणि पोर उलट्या पावलांनी मागे जाऊ लागली. थोडी मागे गेली की भिंत लागायची.

"बाबा, भिंतीच्या पलीकडे काय करतात, माहीत आहे?"

"केबल."

"तांब्याच्या तारा एकत्र वळतात. चाकावर. आपण ताग वळतो तसंच."

"मग?"

"मग मी का जाऊ नये?"

बापाने चाक थांबवलं. दोर सैल पडला.

"पोरी असल्या ठिकाणी जातात का?"

"दोरमाळावर जातच होत्या."

"तो आपला होता."

"हाही आपलाच होता. भिंत त्यांची आहे, माती आपली आहे."

"शब्दाला शब्द नको. त्यांना मी शब्द दिलाय. हा बिल्ला गेला की तू सुखात. न गेला तर तू त्या पायरीवर, ताईच्या शेजारी, ताग विंचरत."

"ताईचा तर गेला होता ना, बाबा? मग ती पायरीवर का आहे?"

 बाप चाक पुन्हा फिरवायला लागला, जरुरीपेक्षा जोरात. धागा तुटला.

दुसऱ्या दिवशी पोर माघारणीशेजारी पायरीवर जाऊन बसली. बस येऊन गेली होती. धूळ अजून खाली बसायची होती.

"ताई, बिल्ला जावयाच्या नावावर करताना कचेरीत नक्की काय करायला लावतात ग?"

माघारणीने कंगव्यात अडकलेला ताग काढला. "काही नाही. एक वाक्य बोलायचं. नोकरी घरच्या माणसालाच द्यायची असा नियम. होणारा जावई काही घरचा नसतो. मग साहेबांनी युक्ती काढली. मुलीने समोर उभं राहून सांगायचं, 'हे आमच्या घरचे'. तिने सांगितलं की झाला तो घरचा."

"आणि तू सांगितलंस?"

"दोनदा. पहिल्यांदा हळू बोलले, साहेबांना ऐकू गेलं नाही. 'मोठ्याने, मोठ्याने!' म्हणाले. तेव्हा सगळे हसले. मीही हसले ग." ती पुन्हा विंचरू लागली. "माझ्या तोंडानेच घालवला मी तो. दुसऱ्या कुणी हिसकावला असता तर निदान ओरडले असते."

 पोरीने दुसरा कंगवा घेतला आणि दोघी खाली मान घालून ताग विंचरत राहिल्या.

उद्योग खात्याची कचेरी गावाबाहेरच्या नव्या इमारतीत होती. तिथल्या मुख्य अधिकाऱ्याला आळीत 'योजनासाहेब' म्हणत, कारण तो दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नसे. माणूस लबाड नव्हता. लबाड माणसाला निदान आपण काय करतोय हे ठाऊक असतं. योजनासाहेब आपल्या योजनेवर मनापासून खूश होता. त्याच्या खोलीत भिंतीवर आळीचा मोठा नकाशा होता. ज्या घराला नोकरी मिळाली ते घर तो स्वतःच्या हाताने हिरवं रंगवत असे. सगळी आळी हिरवीगार झाली होती. एक घर पांढरं होतं. मुलीने म्हणायच्या त्या वाक्यालाही त्याने एक नाव शोधलं होतं. तो त्याला 'स्त्रियांचा सहभाग' म्हणत असे.

ठरल्या दिवशी सगळे त्याच्या खोलीत जमले. मुलगा, त्याची आई, मामा. बाप, आई, पोर. योजनासाहेब हिरवी पेन्सिल हातात घेऊनच उभा होता.

"या, या! शेवटचं घर! उद्या राजधानीतून पाहुणे येताहेत बरं का. त्यांना शंभर टक्के दाखवायचेत. समन्यायी विकास, समजलं? देशात कुठे नाही असा." मग तो पोरीकडे वळला आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलला. "ये बाळ, पुढे ये. हे कोण, सांग बघू?"

पोर पुढे आली. "हे पाहुणे आहेत."

सगळे हसले. "लाजतेय," मुलाची आई म्हणाली.

"लाजायचं नाही," योजनासाहेब म्हणाला. "म्हण, हे आमच्या घरचे. मोठ्याने."

"साहेब, त्यांना एक विचारू?"

"विचार की!"

पोरीने मुलाकडे सरळ बघितलं. "आमच्या घराला दारं किती?"

मुलाने आईकडे बघितलं. आईने मामाकडे. मामाने छताकडे, बहुतेक सगळ्या जावयांच्या घराण्यात छताकडे बघायची सवय असावी.

"दोन?" मुलगा म्हणाला.

"एक आहे. त्याच दारातून आलात, त्याच दारातून गेलात." पोर वळली. "साहेब, हे आमच्या घरचे नाहीत."

खोलीत कोणी हसलं नाही. बापाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"काय बोलतेस, कळतंय का?"

"कळतंय, बाबा. म्हणून तर मोठ्याने बोलले."

मुलाची आई उठली. "हेच शिकवलंत का मुलीला? चला रे! अशी उलट्या पायांची सून आम्हाला नको."

"दोर वळणाऱ्यांचे पाय उलटेच चालतात," आई शांतपणे म्हणाली.

ती तिघं तरातरा बाहेर पडली. बाप त्यांच्या मागे धावला. व्हरांड्यातून त्याचा आवाज येत होता: "अहो, ऐका तरी... अहो, लहान आहे ती... अहो, मामा..." ज्या माणसांनी त्याच्या घराची दारं मोजली नव्हती, त्यांच्या मागे तो जिना उतरत गेला. आवाज लहान लहान होत गेला.

योजनासाहेब पेन्सिल हातात घेऊन पांढऱ्या घराकडे बघत होता.

"म्हणजे हे घर... रिकामंच राहणार?" त्याच्या आवाजात खरं दुःख होतं. माघारीण परत आली तेव्हा ती तक्रार घेऊन याच खोलीत आली होती. तेव्हा तो म्हणाला होता, "आम्ही घराला दिलं. घरात पुढे काय झालं, ते आम्ही कसं बघणार?" तेव्हा त्याला दुःख झालं नव्हतं. तिचं घर नकाशावर हिरवंच होतं.

"रिकामं कशाला?" आई म्हणाली. "घरात माणूस आहे. हिचं नाव लिहा."

"मुलीचं?"

"नको म्हटलंय का नियमात?"

योजनासाहेबाने बराच वेळ विचार केला. स्वतःच केलेला नियम तो पहिल्यांदाच मनात वाचत होता. "नको असं... म्हटलेलं नाही. घरातलं सज्ञान माणूस, एवढंच आहे. पण घरप्रमुखांनी सांगायला हवं, आणि घरप्रमुख तर बाहेर गेले."

"घरप्रमुख बाहेर गेले म्हणून घर बाहेर गेलं का? मी आहे इथे."

योजनासाहेबाने घड्याळाकडे बघितलं, मग नकाशाकडे. उद्या पाहुणे यायचे होते. इतकी वर्षं दगडासारखा असलेला नियम त्या दोन नजरांमध्ये लोण्यासारखा मऊ झाला. न्यायाने नाही, दयेने नाही. एक पांढरा चौकोन डोळ्यात खुपत होता म्हणून.

"चालेल," तो म्हणाला. "आई म्हणजे घरच्याच की." आणि त्याने घर हिरवं रंगवलं, कोपऱ्यापर्यंत, काळजीपूर्वक.

दुसऱ्या दिवशी त्याने पाहुण्यांना सांगितलं की मुलींना संधी देण्याचा विचार योजनेत पहिल्यापासूनच होता. पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यापैकी कोणी आळीत गेलं नाही. गेले असते, सकाळी गेले असते, तर त्यांना हिरव्यागार आळीत थांबलेली, पण कोणीच न चढणारी बस दिसली असती. पण नकाशा जवळ असला की माणसं पाय कशाला दुखवतील?

बाप पोरीशी बोलेना. जेवायला बसला की तिच्याकडे पाठ. आईशी बोलायचा, पण तेही भिंतीकडे बघून. "सांग तिला, माझी मान खाली घातलीस म्हणावं." आई सांगायची नाही. पोर तिथेच बसलेली असायची.

मग कामावर जायचा दिवस आला. पोरीने केस घट्ट बांधले, पितळी बिल्ला लावला आणि पायरीवर माघारणीशेजारी जाऊन उभी राहिली. बाप उरलेल्या माळाच्या तुकड्यावर चाकाशी जाऊन बसला, आळीकडे पाठ करून. पोरांचा खेळ बाजूलाच चालला होता.

खरी बस आली. थांबली. दार उघडलं. ड्रायव्हरने जांभई दिली आणि सवयीने दार बंद करायला घेतलं. पोरीचा एक पाय आत होता, एक बाहेर.

"अरे ए!" माळावरून एवढ्या मोठ्याने हाक आली की चिमण्या उडाल्या. "डोळे फुटले का? माझी पोर चढतेय!"

दार पुन्हा उघडलं. पोरीने मागे वळून बघितलं. बाप तोवर परत चाकाकडे तोंड करून बसला होता. चाक मात्र फिरत नव्हतं.

 आळीच्या बाजूच्या खिडकीशी माघारणीचा नवरा बसला होता आणि छताकडे बघत होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. मागेही पुष्कळ जागा रिकाम्या होत्या. पोर त्याच्यापाशीच येऊन थांबली.

"सरका, भाऊजी. खिडकीशी मी बसते."

"मागे आहे की जागा."

"आहे. पण ताई इथूनच दिसते."

तो सरकला. आता छताकडे बघायचं तर मान आणखी वाकडी करावी लागत होती, म्हणून त्याने गुडघ्यांकडे बघितलं. पोरीने खिडकी उघडली. खाली पायरीवर माघारीण उभी राहिली होती. इतक्या वर्षांत बस आल्यावर ती कधी उभी राहिली नव्हती.

बस गेली. पोरांचा खेळ त्या दिवशी मोडला. चढेल तो बाद, हा नियम ठेवायचा की बदलायचा, यावर त्यांची जी भांडणं सुरू झाली ती अजून चालू आहेत. मोठ्यांची अजून सुरूसुद्धा झालेली नाहीत.